शेअरांच्या भावाचा रकाना

नवापूरच्या स्टेशनांतून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग मुळांत सुरतेपासून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीनें घातला. किलिक निक्सन हे तिचे व्यवस्थापक. तिच्या शेअरांचा भाव मुंबईच्या बाजारांत ठरे. म्हणजे खानदेशच्या रानांतले रूळ वर्तमानपत्राच्या रकान्यांत एका ओळींत मावत. अशी ओळ वाचावी कशी, हें आम्ही येथें पाहणार आहों.

रकाना दिसतो तितका गूढ नाहीं. प्रथम कंपनीचें नांव; मग दिवसाचा चढा व उतरता भाव; शेवटीं बाजार बंद होतांनाचा. कांहीं पत्रें दर्शनी किंमतहि देतात. ही किंमत आणि बाजारभाव यांची गल्लत करणें हीच पहिली चूक. लाभांश पुष्कळदां दर्शनी किंमतीवर टक्क्यांनीं जाहीर होतो, पण आपण पैसे मोजतों ते बाजारभावानें. दहा रुपयांच्या शेअरावर शेंकडा वीस म्हणजे दोन रुपये. तोच शेअर शंभरास घेतला असेल, तर पदरांत शेंकडा दोनच पडतात.

दुसरी चूक याहून महाग पडते. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तेथील कापूस अडला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंदांचें नांव सर्वतोमुखीं झालें. बँक ऑफ बाँबेचा पांचशें रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत चढला. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि तोच शेअर ८७ रुपयांवर आला. चढता आंकडा वाचणाऱ्यांनीं तो कशामुळें चढला हें विचारलें नव्हतें. घरेंदारें त्यांत गेलीं. दलालांनीं आपली संस्था रीतसर स्थापिली ती पुढें १८७५ सालीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: रकाना काल कोणी काय मोजलें हें सांगतो, वस्तूचें मोल सांगत नाहीं. तें कळावयास कंपनीचा ताळेबंद, तिचें कर्ज आणि अनेक वर्षांचा नफा पाहावा लागतो. मुलीच्या शिक्षणाचा किंवा म्हातारपणाचा पैसा गुंतविणाऱ्यानें हा त्रास घेतलाच पाहिजे.

ताप्ती कंपनीची ओळ रकान्यांतून केव्हांच पुसली गेली. १९५१ सालीं पश्चिम रेल्वे स्थापन झाली, तेव्हां हा मार्ग तिच्यांत आला. १९६० सालच्या प्रांतविभागणीनंतर नवापूरचें स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत, अर्धें गुजराथेंत पडलें. गाडी मात्र चालूच आहे. भाव येतात आणि जातात. खरी मिळकत असते ती रुळांची.