जमील, खालिद

जमील, खालिद : (२१ एप्रिल १९७७ –      ). भारतीय फुटबॉलपटू व मार्गदर्शक. ऐजॉल एफ्‌सी या मिझोरममधील संघास २०१७ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवून देणारे मार्गदर्शक म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. जन्म कुवेत येथे, एका भारतीय पंजाबी कुटुंबात. पुढे हे कुटुंब मुंबईस आले.

मुंबईतील फुटबॉल क्रिकेटच्या छायेत वाढला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे शहराला या खेळाची जुनी परंपरा लाभली असली, तरी येथील प्रमुख संघ बहुधा कंपन्या व सार्वजनिक उपक्रम यांनी पोसलेले होते. आश्रयदात्याने हात आखडता घेतला, की संघही संपत असे. जमील यांची खेळाडू म्हणून कारकीर्द अशाच संघांतून घडली. कोलकात्याच्या ईस्ट बेंगॉल व मोहन बागान या संघांचे प्रायोजक मद्य-उद्योगातील असल्याने त्यांनी त्या संघांकडून खेळण्याचे नाकारले आणि महिंद्र संघ पतकरला. त्यानंतर एअर इंडिया, पुन्हा महिंद्र युनायटेड व २००७ पासून नव्याने स्थापन झालेला मुंबई एफ्‌सी असा त्यांचा क्रम राहिला. मधल्या फळीतील हा शांत, कष्टाळू खेळाडू भारतीय संघातही खेळला. परंतु दुखापतींनी त्यास ग्रासले.

२००९ मध्ये डेव्हिड बूथ या इंग्रज मार्गदर्शकाच्या जागी मुंबई एफ्‌सीने जमील यांची नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. संघ सामान्य कुवतीचा, निधी तुटपुंजा. कूपरेज मैदानाच्या नूतनीकरणामुळे काही हंगाम ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. अशा स्थितीत बचाव फळी घट्ट राखावयाची, प्रतिपक्षाला मोकळी जागा मिळू द्यावयाची नाही आणि संधी मिळताच वेगाने प्रतिहल्ला करावयाचा, ही पद्धती त्यांनी अंगीकारली. तिच्यावर नीरसतेचा आक्षेप घेतला गेला आणि तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. मात्र सात वर्षांत मुंबई एफ्‌सी पहिल्या श्रेणीतून एकदाही घसरला नाही. २०१६ मध्ये जमील यांनी संघ सोडला आणि लगेचच्या हंगामात तो तळाला जाऊन खालच्या श्रेणीत गेला.

नेमक्या त्याच हंगामात जमील ऐजॉलला होते. हा संघ आदल्या वर्षी आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्यातील संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील यांनी स्थानिक मिझो तरुणांच्या जोडीला मुंबई एफ्‌सीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता, तसेच सिरियाचा महमूद अल अमना यांसारखे मोजके खेळाडू घेतले. मिझो खेळाडूंचा वेग व दमसास यांना त्यांच्या शिस्तीची जोड मिळाली. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉल येथे मोहन बागानवर १–० असा विजय मिळाल्याने विजेतेपद आटोक्यात आले. ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे लाजाँग संघाविरुद्ध एक गोल पिछाडीवर पडूनही ऐजॉलने १–१ अशी बरोबरी साधली व १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

यानंतर ज्यांच्याकडून खेळण्याचे पूर्वी नाकारले, त्या ईस्ट बेंगॉल (२०१७-१८) व मोहन बागान (२०१९) या दोन्ही संघांचे मार्गदर्शकपद त्यांनी भूषविले. तेथे त्यांना फारसे यश लाभले नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये संघांचे मुख्य मार्गदर्शक परदेशीच असत. भारतीय मार्गदर्शकाच्या वाट्याला साहाय्यकाचे किंवा अडीअडचणीच्या वेळचे हंगामी पद येई. जमील यांनाही जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे हंगामी म्हणूनच मिळाली. साखळीतील उरलेल्या सामन्यांत एकही पराभव न स्वीकारता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी त्यांना कायम करण्यात आले; या लीगमध्ये मुख्य मार्गदर्शकपदी कायम नेमणूक झालेले ते पहिले भारतीय होत. पुढील हंगामात मात्र संघ ११ संघांत दहावा आला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी जमशेटपूर एफ्‌सीची जबाबदारी घेतली. २०२४-२५ मध्ये हा संघ लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत व सुपर चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

१ ऑगस्ट २०२५ रोजी मानोलो मार्केस या स्पॅनिश मार्गदर्शकाच्या जागी भारतीय संघाच्या मार्गदर्शकपदी त्यांची निवड झाली. सावियो मदेरा यांच्यानंतर सु. १३ वर्षांनी हे पद भारतीय व्यक्तीकडे आले. मध्य आशियाई राष्ट्रांच्या स्पर्धेत भारताने यजमान ताजिकिस्तानला २–१ असे नमविले आणि ओमानवर पेनल्टी फटक्यांत मात करून तिसरा क्रमांक मिळविला. हा आनंद अल्पकाळच टिकला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी बरोबरी व नंतर मडगाव येथे १–२ असा पराभव यांमुळे भारत २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेस मुकला. पात्रता फेरीतील पहिल्या दोन सामन्यांत मिळून भारताच्या पदरी एकच गुण पडला होता व ते दोन्ही सामने जमील यांच्या नेमणुकीपूर्वीचे होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. नोव्हेंबरमध्ये डाक्का येथे बांगला देशाकडूनही ०–१ अशी हार पतकरावी लागली.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्कृष्ट मार्गदर्शकाचा सन्मान त्यांना २०२३-२४ व २०२४-२५ असा लागोपाठ दोनदा मिळाला.