धारित्र-नियंत्रित एलईडी परिपथ

धारित्र-नियंत्रित एलईडी परिपथ हा घरगुती वीजपुरवठ्यावर एलईडी दिवे चालवण्याचा अत्यंत साधा परिपथ आहे. यात रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) नसते. वीजपुरवठा आणि दिवे यांच्यामध्ये एकसर जोडलेले धारित्र (कपॅसिटर) विद्युतधारेला मर्यादा घालते. रात्रदिवे, निदर्शक दिवे, थेट सॉकेटमध्ये खोचण्याचे छोटे दिवे आणि काही स्वस्त विजेच्या माळा यांत हा परिपथ आढळतो. रोहित्र नसल्यामुळे तो स्वस्त व आटोपशीर होतो. मात्र त्याच कारणाने त्याचा प्रत्येक भाग, कमी दाबाचा वाटणारा भागसुद्धा, वीजवाहिनीशी थेट जोडलेला राहतो.

पार्श्वभूमी

पांढरा प्रकाश देणाऱ्या एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट विभवांतर लागते. लहान एलईडीतून सुमारे २० मिलिअँपिअरपर्यंतच विद्युतधारा वाहू देणे इष्ट असते. विभवांतर किंचित वाढले तरी धारा झपाट्याने वाढते आणि एलईडी जळतो. म्हणून एलईडी चालवताना खरे नियंत्रण धारेवर ठेवावे लागते. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असा प्रत्यावर्ती असतो. २३० हे परिणामी मूल्य आहे. प्रत्येक आवर्तनात विभवांतर दोन्ही दिशांनी सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते.

ही तफावत एकट्या रोधकाने (रेझिस्टरने) भरून काढता येते, परंतु ती महागात पडते. २० एलईडींच्या माळेला (एकूण ६० व्होल्ट) सरासरी १७.५ मिलिअँपिअर धारा द्यायची, तर माळ सुमारे १ वॅट शक्ती वापरते आणि रोधकात साडेतीन वॅटांहून अधिक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. धारित्राचे तसे नाही. आवर्तनाच्या एका भागात ते ऊर्जा साठवते आणि दुसऱ्या भागात ती परत करते. त्यामुळे ते धारेला विरोध करते, पण जवळजवळ तापत नाही.

गणित

धारित्राचा विरोध त्याची धारकता आणि पुरवठ्याची वारंवारिता यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. ०.३३ मायक्रोफॅरड धारकतेच्या धारित्राचा विरोध ५० हर्ट्‌झला सुमारे ९,६५० ओहम भरतो. पुढे काहीही भार नसेल, तर २३० व्होल्टवर त्यातून सुमारे २४ मिलिअँपिअर धारा वाहील.

प्रत्यक्षात पुढे डायोडांचा पूल आणि एलईडींची माळ असते. अशा वेळी माळेतील सरासरी धारा काढण्याची रीत सोपी आहे: पुरवठ्याच्या शिखर विभवांतरातून माळेचे विभवांतर वजा करावे आणि आलेल्या उत्तराला धारकता, वारंवारिता व ४ यांनी गुणावे. वरील उदाहरणात ३२५ वजा ६० म्हणजे २६५, त्याला ०.३३ मायक्रोफॅरड, ५० आणि ४ यांनी गुणले असता सुमारे १७.५ मिलिअँपिअर हे उत्तर येते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माळेत दोन-चार एलईडी कमी-जास्त झाले तरी धारेत फारसा फरक पडत नाही. या परिपथाच्या लोकप्रियतेचे ते एक कारण आहे.

रचना

मुख्य धारित्र हे एक्स-२ या सुरक्षा वर्गातील असावे लागते. हा वर्ग आयईसी ६०३८४-१४ या आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित केलेला आहे. अशा धारित्रावर सहसा २७५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक प्रत्यावर्ती मर्यादा छापलेली असते. त्याच्या प्लॅस्टिक पटलावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. पटलाला कोठे छिद्र पडल्यास त्याभोवतीचा धातू बाष्परूप होऊन उडून जातो आणि दोष तेथेच विलग होतो. साधे ४०० व्होल्ट एकदिश मर्यादेचे धारित्र ३२५ व्होल्टच्या शिखराला पुरेसे वाटते, पण वीजवाहिनीत वारंवार येणाऱ्या क्षणिक उच्च दाबांसाठी ते बनवलेले नसते.

धारित्राला समांतर सुमारे १ मेगओहमचा रोधक जोडतात. दिवा सॉकेटमधून काढल्यावर धारित्रात उरलेला प्रभार या रोधकातून साधारण एका सेकंदात ओसरतो. तो नसेल तर प्लगच्या उघड्या पिनांना बोट लागताच धक्का बसतो. लहान रोधकांची विभवांतर-मर्यादा अनेकदा २५० व्होल्टच असते, म्हणून एकाऐवजी ४७० किलोओहमचे दोन रोधक एकसर जोडणे बरे.

धारित्राशी एकसर आणखी एक रोधक, बहुधा १०० ते २२० ओहमचा, असतो. पुरवठा नेमका शिखरावर असताना बटण दाबले गेले, तर रिकामे धारित्र क्षणभर सरळ तारेसारखे वागते. १०० ओहमचा रोधक ही धारा सुमारे सव्वातीन अँपिअरवर रोखतो. या जागी न पेटता तुटणारा, वितळतारेचे (फ्यूजचे) काम करणारा रोधक वापरतात.

पुलानंतर माळेला समांतर एक विद्युत-अपघटनी धारित्र जोडल्यास प्रकाशातील सेकंदाला १०० वेळा होणारी लुकलुक कमी होते. येथे एक खोच आहे. माळेतील एक एलईडी जळून परिपथ तुटला, तर या धारित्रावरील विभवांतर चढत ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ते १०० व्होल्टच्या मर्यादेचे असेल तर फुगते किंवा फुटते. म्हणून त्याची मर्यादा ४०० व्होल्ट ठेवतात किंवा त्याला समांतर योग्य झेनर डायोड लावतात.

विलगीकरणाचा अभाव

या परिपथाविषयीचा सर्वांत घातक गैरसमज मल्टिमीटरमुळे होतो. माळेच्या दोन टोकांमध्ये मीटर ६० व्होल्ट दाखवतो आणि ‘पुढचा भाग कमी दाबाचा आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु ६० व्होल्ट हे त्या दोन टोकांमधील अंतर आहे. जमिनीच्या तुलनेत ती टोके कोठे आहेत, हे त्यावरून कळत नाही.

धारित्र फेजच्या तारेत असेल आणि न्यूट्रल शाबूत असेल, तर माळ न्यूट्रलच्या आसपासच्या विभवावर राहते. दोन पिनांचा प्लग उलटा खोचला की धारित्र न्यूट्रलच्या बाजूला जाते आणि फेज व माळ यांच्यामध्ये एखाद्या डायोडाखेरीज काहीही उरत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने आता माळेची तार धरली, तर पुरवठ्याचा जवळजवळ पूर्ण दाब त्याच्या शरीरावर येतो. मीटर मात्र दोन्ही वेळा ६० व्होल्टच दाखवतो. बटण न्यूट्रलच्या तारेत असेल, तर दिवा बंद दिसत असतानाही परिपथ फेजच्या विभवावर असतो.

धारित्र फेजच्या बाजूला असणे हीसुद्धा हमी नव्हे. न्यूट्रल तुटल्यास ०.३३ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून शरीरात २० मिलिअँपिअरच्या आसपास धारा वाहू शकते. सुमारे १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हातातील तार सोडवणे कठीण होऊ लागते. घरातील ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक (आरसीसीबी) इतक्या धारेला पडेलच असे नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला, तर तो पडतच नाही, कारण त्या वेळी धारा जमिनीत गळत नाही.

म्हणून असा परिपथ बंदिस्त विद्युतरोधक आवरणातच वापरता येतो. तपासणीसाठी विलगीकरण रोहित्र वापरतात. तरीही दोन्ही तारांना एकत्र स्पर्श करणे धोक्याचेच राहते. विलगीकरण नसताना ऑसिलोस्कोपची भूसंपर्कित क्लिप पुलाच्या टोकाला लावल्यास थेट शॉर्टसर्किट होते. शाळेतील प्रयोगासाठी हा परिपथ अयोग्य आहे. तेथे घटमाला व रोधक यांवर एलईडीचे सर्व गुणधर्म दाखवता येतात.

मर्यादा

शक्ती वाढवायची तर धारकता वाढवावी लागते. ६० व्होल्टच्या माळेला १० वॅट देण्यासाठी ३ मायक्रोफॅरडहून मोठे एक्स-२ धारित्र लागेल. ते महाग आणि बोजड होते. परिपथाचा शक्तिगुणकही फार कमी असतो. मोठ्या दिव्यांत म्हणून उच्च वारंवारितेवर चालणारे चालक-परिपथ वापरतात. त्यांतीलही अनेक विलग नसतात. अंगभूत चालक असलेल्या एलईडी दिव्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतात आयएस १६१०२ (भाग १) हे मानक आहे.

काही वर्षांच्या वापरानंतर असे दिवे मंद होतात, तेव्हा दोष पुष्कळदा एलईडींचा नसतो. क्षणिक उच्च दाबांमुळे धारित्रातील धातूचा थर जागोजागी उडत जातो, धारकता घटते आणि तिच्याबरोबर विद्युतधाराही कमी होते.