वालाच्या गाठी आणि उडते जनुक
बिरवाडीकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल घेतात. त्याच्या मुळावरची निरोगी गाठ आपण चिरली, तर आत गुलाबी दिसते. गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देतात, हे १८८६ मध्ये हेलरीगेल यांनी मांडले. १८८८ मध्ये बायरिंक यांनी ते जिवाणू वेगळे केले. पण त्यांच्या हजारो जनुकांपैकी या कामाची कोणती, हे कसे ओळखावे?

१९४० च्या दशकात बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात जागा बदलणारी जनुके आढळली होती. १९७८ मध्ये बेरिंजर व सहकाऱ्यांनी टीएन-५ हा असाच एक तुकडा रायझोबियममध्ये घातला. तो ज्या जनुकात शिरतो ते बंद पडते. शिवाय जिवाणू कॅनामायसिनला दाद देत नाही, म्हणून निवडता येतो. असे जिवाणू रोपांना दिल्यावर काहींना गाठी येतच नाहीत, काहींना पांढुरक्या, निकामी येतात. तुकडा कुठे अडकला ते शोधले की जनुक सापडते. बिघाडातूनच काम कळते!