टर्मिनलपासून ग्राफिकल प्रोग्राम विलग करणे

टर्मिनलपासून ग्राफिकल प्रोग्राम विलग करणे म्हणजे लिनक्स किंवा अन्य युनिक्ससदृश संगणकप्रणालीत टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्राम, टर्मिनलची खिडकी मिटल्यानंतरही चालू राहील अशी व्यवस्था करणे होय. अशी व्यवस्था नसल्यास टर्मिनलबरोबर तो प्रोग्रामही बंद पडू शकतो आणि जतन न केलेले लेखन वा चित्र नष्ट होते.

कारण

युनिक्सच्या प्रारंभीच्या काळात अनेक टर्मिनले दूरध्वनीच्या तारेने व मोडेमने संगणकाशी जोडलेली असत. जोडणी तुटल्याचे प्रोग्रामांना कळावे म्हणून ‘सिगहप’ हा संकेत योजला गेला. त्याचा क्रमांक १ आहे. आज टर्मिनलची खिडकी बंद करणे हे तार तुटण्यासारखेच मानले जाते. कर्नल हा संकेत शेलला देतो आणि बॅशसारखे शेल तो आपण सुरू केलेल्या प्रोग्रामांना पाठवतात. वास्तविक ग्राफिकल प्रोग्रामला पडद्यावर दिसण्यासाठी टर्मिनल लागत नाही; ते काम एक्स किंवा वेलँड ही प्रदर्शनव्यवस्था करते.

पद्धती

पुढील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

* & चिन्ह: आज्ञेच्या शेवटी लिहिल्यास प्रोग्राम पार्श्वभूमीत चालतो व टर्मिनल पुढील आज्ञेसाठी मोकळे होते. मात्र केवळ एवढ्याने सिगहपपासून संरक्षण मिळत नाही.
* नोहप: मूळ आज्ञेच्या आधी लिहितात, उदा. ‘नोहप जीएडिट &’. प्रोग्राम सिगहपकडे दुर्लक्ष करतो. टर्मिनलवर उमटणारा मजकूर ‘नोहप.आउट’ या फाइलीत साठतो.
* डिसओन: आधीच सुरू असलेल्या प्रोग्रामसाठी उपयुक्त. कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून प्रोग्राम थांबवावा, ‘बीजी’ आज्ञेने तो पार्श्वभूमीत चालू करावा आणि मग ‘डिसओन’ लिहावे. ही सोय बॅश व झेडशेल यांत आहे.
* सेटसिड: प्रोग्रामला टर्मिनलशी संबंध नसलेल्या नव्या सत्रात सुरू करते.

मर्यादा

या पद्धती टर्मिनल बंद होण्यापासून संरक्षण देतात, प्रदर्शनव्यवस्था बंद होण्यापासून नव्हे. वापरकर्त्याने लॉग-आउट केल्यास ग्राफिकल प्रोग्राम सामान्यतः बंद होतोच. म्हणून काम वेळोवेळी जतन करणे आवश्यक असते. शिवाय विलग केलेल्या प्रोग्रामचे त्रुटिसंदेश टर्मिनलवर दिसतीलच असे नाही. एखादा प्रोग्राम वारंवार बंद पडत असल्यास तो प्रथम उघड्या टर्मिनलमधून नेहमीप्रमाणे चालवून तेथील संदेश वाचणे हितावह ठरते.