‘विनंती ऐसी जे’पासून ‘वरील विषयान्वये’पर्यंत

पाचोडच्या शिवारात गारपिटीने मोसंबीची बाग झोडपली, की दुसऱ्या दिवशी घरात कोरा कागद शोधला जातो. डावीकडे ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब, पैठण’. खाली विषय. मग ‘वरील विषयान्वये अर्ज सादर करतो की, मी मौजे पाचोड येथील रहिवासी असून…’ आणि शेवटी ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’. सातवीत शाळा सोडलेल्यालाही हा सांगाडा पाठ असतो. विद्यापीठात त्याच सांगाड्याचा ‘व्यावहारिक मराठी’ नावाचा विषय झाला आहे.

या विषयाचं मूळगाव मात्र जवळच आहे. छत्रपती संभाजीनगर ओलांडलं, की देवगिरी लागते. तेराव्या शतकात तिथे यादवांच्या दरबारी हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप होता; आजच्या भाषेत दप्तराचा मुख्य. मोडी लिपी त्याच्या नावावर सांगतात, तसंच कारकुनांना लेखनाचे नियम शिकवणारं ‘मेस्तक’ही. दोन्हींचं श्रेय परंपरेचं आहे, त्यामुळे ते थोडं सैल हातानेच धरावं.

दप्तराच्या पत्रात पहिला मान मायन्याचा. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्या प्रतिष्ठिताला ‘राजमान्य राजश्री’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. मायना चुकला तर पुढचा मजकूर कितीही गोड असो, पत्र बिघडलंच. त्यानंतर कुशल, मग ‘विनंती ऐसी जे’ म्हणत मुद्दा, आणि ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’ म्हणून निरोप.

गंमत अशी, की त्याच शतकात इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात पत्रलेखन हा रीतसर शिकवायचा विषय होता. बोनकॉम्पान्यो दा सिन्या हा तिथला नामांकित अध्यापक. त्याच्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथाचं 1215 साली जाहीर वाचन झालं. तिथल्या रीतीने पत्राचे भाग पाच: अभिवादन, वाचणाऱ्याचं मन वळवणं, हकीकत, मागणी, समारोप. मोसंबीचा अर्ज त्यावर ठेवून पाहा. चार भाग जुळतात. मन वळवणं तेवढं गळालं आहे.

आपल्या दप्तराची भाषा पुढे फारसीने घडवली. ‘अर्ज’, ‘मजकूर’, ‘मायना’ हे अरबी शब्द फारसीच्या वाटेनेच आले. ‘मसुदा’ म्हणजे मुळात काळं केलेलं: खाडाखोडीने काळवंडलेला पहिला कागद. चिटणीस आणि फडणीस यांच्या पोटात फारसीचा ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, बसला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेऊन अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सगळे काही रुजले नाहीत. ‘अर्ज’ तर जागचा हललाही नाही.

मराठवाड्यात हा पगडा जास्त काळ टिकला, कारण 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य आणि कचेरीत उर्दू. तेव्हा पुण्याकडे मामलेदार, इकडे तहसीलदार, हा फरक त्यातलाच. उच्च शिक्षणही 1918 साली स्थापन झालेल्या उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेत होतं. मौलवी अब्दुल हक यांनी तर ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या उर्दूच्या वाढीसाठीच्या संस्थेचं काम बरीच वर्षं औरंगाबादेतूनच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातूनच, चालवलं. म्हणजे कचेरीची भाषा अभ्यासाने घडवावी लागते, हे या शहराला ठाऊक होतं. फक्त ती भाषा मराठी नव्हती.

मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झालं. 1960 साली राज्याचं भाषा संचालनालय आलं, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, ‘परिपत्रक’, ‘प्रपत्र’, ‘आयुक्त’ कागदावर उतरले. असं लिहिणारी माणसं कुठेतरी तयार व्हायला हवी होती. अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी अशा गोष्टी मग मराठीच्या अभ्यासक्रमात शिरल्या, आणि ल. रा. नसिराबादकरांच्या ‘व्यावहारिक मराठी’सारखी पुस्तकं विद्यार्थ्यांच्या हाती आली.

परीक्षेत मात्र गुण बहुधा सांगाड्याला मिळतात. तारीख कुठे, विषय कुठे, ‘आपला विश्वासू’ कुठे. वाचणाऱ्याचं मन वळवायचं कसं, याला गुण नाहीत. ती विद्या तहसीलीबाहेर टेबल मांडून बसलेल्या अर्जनवीसाकडे आहे. गाऱ्हाणं ऐकताना तो शिव्याशाप गाळतो, गट नंबर विचारतो, पंचनाम्याची तारीख पहिल्या ओळीत ओढतो आणि ‘अन्याय झाला’च्या जागी ‘नुकसान झाले आहे’ लिहितो. कागद हातात देताना एकच बजावतो: ‘झेरॉक्सवर पोच घ्या, शिक्क्यासकट.’