पत्राची घडी आणि राज्याची नजर

करूळ व भुईबावडा या घाटांच्या पायथ्याशीं वसलेल्या वैभववाडीसारख्या गांवांतून एके काळीं मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर आणि तिच्या कोपऱ्यांतील चार ओळी यांवर घरचा जीव टांगलेला असे. त्या ओळी पोस्टमन वाचून दाखवी, त्यांत कोणास वावगें वाटत नसे. पण बंद लखोट्यांतील मजकूर तिऱ्हाइतानें वाचूं नये, अशी अपेक्षा मात्र सर्वांचीच होती.

कायद्याची भूमिका निराळी होती. १८८५ च्या तारखात्याच्या कायद्यानें तार, तर १८९८ च्या टपाल कायद्यानें पत्र, सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं अडविण्याचा अधिकार सरकारास दिला. हें सालही लक्षांत घेण्यासारखें आहे. आदल्याच वर्षीं पुण्यांत रँडचा वध झाला होता आणि ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. १८९८ सालींच राजद्रोहाचें कलमही अधिक व्यापक करण्यांत आलें. सुरक्षितता कोणाची, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

स्वराज्य आलें, तरी हे अधिकार राहिले. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें टेलिफोन ऐकण्यास गृहसचिवाचा हुकूम व फेरतपासणीसाठीं समिती यांचें बंधन घातलें. टपाल व दूरसंचार यांचे २०२३ चे नवे कायदे जुन्यांच्या जागीं आले. निरोप अडविण्याचा अधिकार त्यांतही आहे.

महाराष्ट्रानें या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईंत बंद पाळला गेला. त्याविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर मत लिहिलें, दुसरीनें त्यास पसंती दर्शविली. पोलिसांनीं दोघींनाही अटक केली. २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व नरिमन यांनीं माहिती तंत्रज्ञान कायद्यांतील कलम ६६-अ रद्द ठरविलें. मत मांडणें वेगळें आणि चिथावणी देणें वेगळें, हा भेद त्या निकालाचा गाभा होय.

दुसरी बाजू अधिक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेनें खवळलेल्या जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलें. त्यानंतर व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांपलीकडे धाडण्यास आळा घातला. पुढें २०२१ च्या नियमांनीं, मागणी झाल्यास निरोपाचा मूळ कर्ता सांगण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकली. त्यासाठीं सर्वांच्याच निरोपांचें कुलूप मोडावें लागेल, असें म्हणत व्हॉट्सॲपनें दिल्ली उच्च न्यायालयांत धांव घेतली.

येथेंच खरी अडचण आहे. एका अपराध्याचा माग काढण्यासाठीं सर्वांच्या पत्रांवर खूण करून ठेवावयाची काय? चिथावणीस शिक्षा हवीच. परंतु राईनपाड्याच्या त्या पांच जणांस तत्काळ येऊन पोंचणाऱ्या पोलिसांची, आणि हातीं आलेला निरोप पडताळून पाहणाऱ्या शेजाऱ्यांची गरज होती. दुसऱ्याचा लखोटा उघडून या दोहोंपैकीं एकही मिळत नाहीं. लेखी हुकूम, सांगितलेलें कारण आणि स्वतंत्र तपासणी, एवढीं बंधनें पाळल्यावांचून जें राज्य घडी उलगडतें, तें १८९८ सालाच्या पुढें फारसें आलेलें नाहीं.