धरमतरचा फौजदार

धरमतरच्या धक्क्यावरून लाँचने मला टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं, तेव्हा मी सात वर्षांचा. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आईचा हात सुटला. ती भीती अजून जिभेवर आहे.

सुगीनंतर आमच्याकडे बहुरूपी यायचा, फौजदार होऊन पोरांना अटक करायचा, आम्ही लोळून हसायचो. दवाखान्यात असा सोंगाड्या आणला न्यूयॉर्कला, १९८६ साली, बिग ॲपल सर्कसच्या मायकेल क्रिस्टेन्सननी. २००५ मध्ये फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी ४० मुलांवरचा अभ्यास छापला: भूल देताना पालकांसोबत विदूषकही असले, तर मुलांची घालमेल कमी होते. कर्मचाऱ्यांना मात्र कामात अडथळा वाटला. त्यांचंही खरंच. तरी त्या दारापाशी मला वाकड्या मिशीचा फौजदार हवा होता.